मदत हवी आहे: एकांकिकेसाठी घरच्या घरी पंक काटे, तेही भर पावसाळ्यात

विंगेतली
नमस्कार मंडळी. नाटकवाले, पार्लरवाले आणि स्वतःच्या केसांवर कधी ना कधी अत्याचार केलेले सगळेच, जरा इकडे या.

आमच्या कॉलेजची एकांकिका आहे. प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये, दादरला. गोष्ट १९७७ सालच्या लंडनमधली. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरातली मुलगी पंक होते, म्हणजे तिकडच्या बंडखोर रॉक संगीतवाल्या पोरांसारखा अवतार करते, आणि घरात महाभारत घडतं. पडदा उघडताच तिच्या डोक्यावरचे उभे टोकदार काटे दिसले पाहिजेत आणि पहिली रांग दचकली पाहिजे, असा दिग्दर्शकाचा हट्ट. वेशभूषा, रंगभूषा, इस्त्री आणि चहा ही चार खाती माझ्याकडे असल्याने काटे मीच उभे करायचे आहेत.

मुलीचे केस खांद्याच्या खाली, दाट, आणि रोजचं खोबरेल. कापायचे नाहीत, बाजूने भादरायचा तर विषयच नको, हिवाळ्यात तिच्या बहिणीचं लग्न आहे. विगचं भाडं बजेटमध्ये बसत नाही. साधं जेल चोपडून पाहिलं. घरात पंख्याखाली काटे ऐटीत उभे होते, तालमीच्या हॉलवर पोचेपर्यंत सगळे एका कानावर आडवे. तयारी मुलुंडला घरीच करावी लागणार, कारण रंगपटात वेळेवर आरसा मिळेल याची खात्री नाही. म्हणजे मधे लोकलही आली.

नेटवर कोणी अंड्याचा पांढरा भाग सांगतं, कोणी साखरेचं पाणी, कोणी चक्क गोंद. फेविकॉल चालेल का हो? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची प्रॅक्टिकल आहे, त्यामुळे रात्रीतून सगळं निघालंही पाहिजे.

रसायनवाला
आधी फेविकॉलचा विषय संपवतो. परदेशातले पंक गोंद लावायचे हे खरं, पण शाळेतल्या मुलांचा धुऊन निघणारा गोंद वेगळा आणि लाकूड जोडायचा गोंद वेगळा. दुसरा एकदा कडक वाळला की पाण्याने सहज सुटत नाही. मग कात्रीच.

जेल का झोपलं ते सांगतो. केसातल्या प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. केस ओले झाले की हे बंध सुटतात, वाळताना ज्या आकारात केस असतील त्या आकारात पुन्हा बांधले जातात. म्हणून ओल्या केसांना वळण देता येतं. पण हे पाणी हवेतूनही मिळतं, आणि ऑगस्टमधल्या मुंबईच्या हवेत त्याची टंचाई नाही. त्यातून स्वस्त जेलमध्ये बहुधा पीव्हीपी नावाचं पॉलिमर असतं, ते स्वतःच ओलावा ओढून मऊ पडतं. म्हणजे आधार देणारा आणि आधार घेणारा दोघेही एकदमच बसले. डबीमागची घटकांची यादी वाचा. 'अक्रिलेट्स' असलेला हेअर स्प्रे दमट हवेत जास्त तग धरतो. शिवाय बहुतेक स्प्रे अल्कोहोलमधले असतात, भुर्रकन वाळतात. जेल मुळात पाणीच असतं, त्याच्या वजनानेच लांब काटा वाकतो.

साखरेचं पाणी विसरा. साखरही ओलावा ओढते, आणि मुंग्या येतील त्या वेगळ्याच.

खोडसाळ_खोपोलीकर
आमच्या आजीचा सल्ला: तांदळाची खळ. सुती पातळं काय उभी राहायची तिच्या हातची!

पार्लरवाली_काकू
खोपोलीकर, खळ वाळली की तिचा भुगा पडतो. काळ्या जॅकेटच्या खांद्यांवर तो पहिल्या रांगेलाही दिसेल.

अगं विंगेतली, आधी त्या मुलीचं खोबरेल बंद कर. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दोनदा शॅम्पू, कंडिशनर अजिबात नाही. फार गुळगुळीत केसांना पकड बसत नाही.

चौकोनी बटा पाड, साधारण दीड इंच बाय दीड इंच. पण भांग सरळ रेषेत पाडू नकोस, वीटकामासारखे पाड, वरच्या ओळीचा सांधा खालच्या बटेच्या मधोमध आला पाहिजे. नाहीतर काट्यांच्या मधून टाळूच्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक बट सरळ वर ताणून धर आणि बारीक दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे उलटं विंचर. नवरीच्या अंबाड्याला फुगा देताना करतात तेच, फक्त इथे लाजायचं नाही, मुळाशी चांगली गच्च गादी बसू दे. मग मुळाशी स्प्रे, ड्रायर मंद आचेवर, वाळेपर्यंत बट हातात धरून ठेवायची. मूळ पक्कं झालं की मगच वरची लांबी. टोकाला शेवटी जेलचा जेमतेम थेंब, दोन बोटांत पिळ देऊन. सगळं जेल टोकाला आणि मुळाशी काहीच नाही, असं केलं की काटा पडणारच. हाताखाली अजून कोणी असेल तर बरं, एकटीने करायला गेलीस तर हात भरून येतील.

अंड्याचा पांढरा भाग खरंच कडक होतो, जुनी युक्ती आहे. पण दिव्यांच्या उष्णतेत त्याचा वास सुटतो आणि सोबतचे नट तोंड फिरवून संवाद म्हणतात. लावलंच तर धुताना गार पाणी. गरम पाण्याने अंडं केसातच शिजतं.

जुना_रॉकर
सगळ्यांनी काटे उभे करायला घेतलेत, पण १९७७ साली ते इतके उंच होतेच कुठे?

त्या वर्षीच्या लंडनचे फोटो काढून बघा. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे जॉनी रॉटन, सिड व्हिशस, सगळ्यांचे केस आखूड, वेडेवाकडे कापलेले, चार बोटं उभे. न्यूयॉर्कचा पंक गायक रिचर्ड हेल तर त्यांच्याही आधीपासून तसा फिरत होता. मुलीचा नमुना हवा असेल तर गायिका सूझी सूचे तेव्हाचे फोटो पुरेत. फूटभर उंच मोहॉक, म्हणजे डोक्याच्या मधोमध उभी केसांची पट्टी, आणि स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटासारखे लिबर्टी स्पाइक्स ही पुढच्या पिढीची, साधारण १९८० नंतरची फॅशन. लंडनच्या पोस्टकार्डांवर पुढे तेच छापले गेले, म्हणून आपल्याला पंक म्हटलं की तेवढंच आठवतं. परीक्षकांमध्ये एखादा माझ्यासारखा निघाला तर गुण जातील, हे दिग्दर्शकाला सांगा.

विंगेतली
बाप रे. दिग्दर्शकाला फोन केला. तो म्हणाला, मग साल बदलून १९८२ करू. पण संहितेत राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची गल्लीतली पंगत आहे, तो जून १९७७ चाच, आणि अख्खं भांडण त्या पंगतीत होतं. लेखिका साल बदलायला तयार नाही. म्हणजे काटे आखूडच. पण केस तर लांब! कापायचे नाहीत!

पार्लरवाली_काकू
अगं, उलट सोपं झालं. बट वर घे, पिळ दे, मुळाशी दुमडून यू पिनने पक्की कर आणि फक्त टोकं चार बोटं बाहेर सोड. उभी राहायची ती तेवढी टोकंच. लांबी कमी म्हणजे वजन कमी, मग स्प्रेसुद्धा थोडा पुरतो. कानांवरच्या बाजू सागरवेणी घालून डोक्याला चपट्या बसव, लांबून भादरल्यासारख्याच दिसतात. टोकं एकाच उंचीची ठेवू नकोस, एखादी आडवी, एखादी तिरकी. नीटनेटकी झाली की ती अननसासारखी दिसेल.

टाळूवर विरळ वाटलं तर दादरला गंगावन घे, कृत्रिम केसांचं. त्याचे तुकडे घरी बाटलीवर ताणून कडक कर आणि पिनांनी मधे मधे खोच. कृत्रिम केस पाणी फारसं पीत नाहीत, म्हणून पावसाळ्यात पडत नाहीत. फक्त त्यांना स्ट्रेटनर लावू नकोस, वितळतात.

रसायनवाला
आणि गंगावनावर फेविकॉल बिनधास्त लावा. ते धुवायचंच नाही. पारदर्शक वाळतो तो बघून घ्या, तरी काळ्यावर थोडी झाक दिसू शकते.

मुलुंडकर
लोकलचं बोलू का? स्लो गाडी पकडा. मुलुंडहून सुटणारी मिळाली तर बसायला मिळेल. डोक्याला ओढणी घट्ट बांधू नका, मोठी शॉवर कॅप सैल घाला. सगळ्यात चांगलं म्हणजे वेण्या आणि पिनांचं काम घरी उरकायचं आणि टोकांचा स्प्रे दादरला उतरून मारायचा. त्याला आरसा लागत नाही, मैत्रीण लागते.

रसायनवाला
एक राहिलंच. नाटकात ती सिगारेट पेटवते का?

विंगेतली
पेटवते. दुसऱ्या प्रवेशात, बापासमोर.

रसायनवाला
मग न पेटवता ओढा, किंवा तो प्रवेश बदला. स्प्रेच्या डब्यात दाब देणारा वायू बहुधा ब्यूटेन-प्रोपेनच असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलेंडरचा भाऊबंद, आणि वर अल्कोहोल. स्प्रे मारताना आसपास ज्योत नको आणि मारलेल्या केसांजवळ काडीही नको. रंगपटात नटराजासमोरचं निरांजन आणि उदबत्तीही त्यात आली. घरी गॅसच्या ओट्याजवळ बसून तर अजिबात करू नका.

विंगेतली
बापाने पेटवायच्या आधीच सिगारेट हिसकावून घ्यायची असं ठरतंय. दिग्दर्शक म्हणतो हे जास्त चांगलं दिसेल. आता रात्री हे सगळं काढायचं कसं ते सांगा, काकू.

पार्लरवाली_काकू
आधी पिना मोजून काढ, एखादी आत राहते. मग थेट पाणी नाही. कोरड्या केसांनाच भरपूर कंडिशनर चोळ, पंधरा-वीस मिनिटं ठेव, आणि रुंद दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जा. उलटं विंचरलेलं मुळापासून ओढलंस तर केस मुठीत येतील. गुंता सुटत नसेल तिथे थोडं खोबरेल, आता त्याला परवानगी. शॅम्पू सगळ्यात शेवटी. आणि कितीही दमली असली तरी तशीच झोपू देऊ नकोस, सकाळी जटा होतील. प्रॅक्टिकल कसली आहे तिची?

विंगेतली
केमिस्ट्री.

रसायनवाला
तर मग बर्नर पेटवायच्या आधी केस नक्की धुतलेले असू द्या.