१९१८ च्या आधीचं बडोदं

पटेल कायदा (मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांनी आणलेला प्राथमिक शिक्षणाचा कायदा) म्हणजे आपल्याकडची सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात, असं अनेकदा म्हटलं जातं. ब्रिटिश मुलखापुरतं ते ठीक. पण १९१८ चा तो कायदा मुळात मुभा देणारा होता: नगरपालिकेला वाटलं तर तिने आपल्या हद्दीत सक्ती करावी. खेडी त्यात नव्हतीच, आणि शाळेची गरज तर तिथेच जास्त.

संस्थानं मात्र पुढे होती. बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाच्या आपल्या १९११ च्या विधेयकासाठी याच बडोद्याचा दाखला दिला होता. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. (विधेयकही सौम्यच होतं, तरी एवढी धास्ती!) कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा हुकूम काढला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. त्या काळी मजुराला हा दंड चांगलाच जड. आणि मागणीच शोधायची तर जोतीरावांचं १८८२ चं हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन पाहा, निदान १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा असं त्यात स्पष्ट आहे.