घरपट्टी भरली की शेजाऱ्यांचे देणे फिटते का?

गंगापूर रोडकर
‘कॉलनीच्या बैठकांना जाणारे लोक म्हणजे महापालिकेचे बिनपगारी मुकादम होत; मी घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरतो, त्यापलीकडे शेजाऱ्यांचे काही देणे लागत नाही,’ असे काल एका सदस्याने लिहिले आणि त्याखाली बऱ्याच जणांनी मान डोलावली. ते वाचून माझा सकाळचा चहा बेचव झाला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे या शहरात १२२ पैकी एकही नगरसेवक पदावर नव्हता. त्याच काळात आमच्या कॉलनीतील ड्रेनेजचे एक झाकण खचले. तीन निवृत्त गृहस्थ आणि शाळेत शिकवणाऱ्या एक बाई असे चौघे विभागीय कार्यालयात सात खेपा घालून आले, प्रत्येक खेपेस त्यांनी अर्जाची पोच घेतली, आणि आठव्या खेपेस साहेबांनी पोचांचा गठ्ठा पाहून दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला. घरपट्टी आम्ही सगळ्यांनीच भरली होती. झाकण बसले ते पोचांमुळे.

आमच्या मोकळ्या भूखंडावर पूर्वी बांधकामाचा राडारोडा आणि गाजरगवत याखेरीज काही नव्हते. आज तेथे कडुनिंब आणि बहावा उभा आहे, कारण पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आम्ही घरून पाण्याच्या बादल्या नेल्या. याला मुकादमी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

बिनपगारी मुकादम (कालच्या लेखनाचा लेखक)
आपण माझेच म्हणणे सिद्ध केलेत. एका झाकणासाठी चार सुशिक्षित माणसांना आठ खेपा घालाव्या लागल्या आणि आपण त्याचा अभिमान बाळगता. ज्यांना रजा मिळत नाही, ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांच्या गल्लीतील झाकण कोण बसवणार? आपल्या खेपांमुळे त्या खात्याला एवढेच कळले की, जो हेलपाटे घालील त्याचेच काम करायचे.

सहभागाला माझा सरसकट विरोध नाही. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक तेथे जमले आणि त्यांनी जाब विचारला. मीही गेलो होतो. तेथे नागरिक मागणी करत होते, महापालिकेच्या वाटणीचे पाणी घालत नव्हते.

भाडेकरू, बारा वर्षे
बहाव्याचे कौतुक झाले, आता फाटकाबद्दल कोणी बोलेल का? मी या शहरात बारा वर्षांत चार कॉलन्यांमध्ये भाड्याने राहिले. त्यांपैकी एका कॉलनीत अशाच उत्साही समितीने बाग फुलवली, आणि बाग फुलताच फाटकाला कुलूप लावून ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी टांगली. माझी मुलगी समोरच्या बांधकामावरील वॉचमनच्या मुलीला झोपाळ्यावर घेऊन गेली, तर समितीच्या एका काकांनी दोघींनाही बाहेर काढले. एकीला बाहेरची म्हणून आणि दुसरीला ‘तुझे वडील मालक नाहीत’ म्हणून. सात वर्षांच्या मुलीला मालक म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी समजावून सांगावे लागले. कॉलनीच्या विकासाचे गोडवे ऐकताना मला ती पाटी आठवते.

गंगापूर रोडकर
आपल्या मुलीच्या बाबतीत झाले ते चूक होते. परंतु कुलपामागेही कारण असते. अभिन्यासातील (लेआउटमधील) दहा टक्के मोकळी जागा ही नियमानुसार तेथील रहिवाशांच्या वापरासाठी सोडलेली असते. आमच्याकडे कुलूप नव्हते तेव्हा रोज सकाळी बाकांखालून दारूच्या बाटल्या गोळा कराव्या लागत, आणि त्या गोळा करायला टीका करणाऱ्यांपैकी कोणी येत नसे.

भाडेकरू, बारा वर्षे
नियमात ‘रहिवासी’ असाच शब्द असेल, तर मी कोण? बारा वर्षे पाहुणी म्हणून राहिले का? आणि बाटल्या रात्री येतात, माझी मुलगी संध्याकाळी पाच वाजता गेली होती.

तिवंधेकर
कुलपावरून चाललेला हा वाद वाचून जुन्या नाशकातला माणूस हसेल. आमच्याकडे शेजार हा बैठकीच्या इतिवृत्तात नसतो, तो रस्त्याखाली असतो. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे हौद, वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, त्यांवरून वाहने जातात, आणि परक्याला पायाखाली एवढा मोठा हौद आहे याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमी जवळ आली की गल्लीतली मंडळी ती उकरतात, पूजा होते, रंगाचे पाणी भरले जाते आणि मग जो येईल तो उडी मारतो. त्याला कोणी सातबारा विचारत नाही. तुमच्या कॉलन्यांना चाळीस वर्षे झाली तरी बागेच्या चावीपलीकडे सामाईक असे काही उभे करता आले नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

पंचवटीची सून
‘जो येईल तो’ याच्या जागी ‘जो पुरुष येईल तो’ असे लिहावे. माझे माहेर आपल्याच भागातले. माझ्या लहानपणी आम्ही मुली माडीच्या खिडकीतून रहाड पाहत असू आणि भावांचे रंगलेले कपडे दुसऱ्या दिवशी आम्हीच धूत असू. रहाडीला कुलूप नव्हते, हे मान्य. आम्हाला बाहेर ठेवायला त्याची गरजच पडली नाही.

तिवंधेकर
एवढ्या जुन्या परंपरेतून आपल्याला धुण्याचीच तेवढी आठवण राहिली, याचे वाईट वाटते.

पंचवटीची सून
जे वाट्याला आले तेच आठवणार. आपल्या घरी ते कपडे कोण धूत असे?

तिवंधेकर
आई आणि बहीण. बरे, हा मुद्दा आपला.

सिडकोकर
आमच्याकडे ना बहावा ना रहाड. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते, एवढाच आमचा शेजाऱ्यांशी संबंध. तरीही दोन गोष्टी सांगतो. २०१५ च्या पर्यावरण दिनी सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर लोकांनी हजारो देशी रोपे लावली, आणि नंतरच्या उन्हाळ्यांत ती जगवायला सिडकोतून, सातपूरमधून लोक जात राहिले. मीही चार-पाच रविवार गेलो. तेथे कोणाचे घर नव्हते, त्यामुळे मालक आणि भाडेकरू हा प्रश्नच आला नाही.

दुसरे असे की, महापालिकेच्या प्रभाग समितीत नगरसेवकांखेरीज स्वयंसेवी संस्थांचे तीन सदस्यांपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. आपल्या सहाही विभागांत त्या जागांवर कोण बसते, हे येथे भांडणाऱ्यांपैकी कोणी कधी विचारले आहे का? मीही विचारलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गंगापूर रोडकर
तीन जागांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. आमच्या समितीत आजवर एकही भाडेकरू नाही, हे मात्र मी काल रात्री यादी काढून पाहिले. चौतीस घरांपैकी अकरा घरांत भाडेकरू आहेत. येत्या रविवारच्या बैठकीत फाटक संध्याकाळी चार ते आठ उघडे ठेवावे आणि एक चावी भाडेकरूंपैकी कोणाकडे तरी द्यावी, असा विषय मी मांडणार आहे. तो मंजूर होईलच असे नाही. आमच्याकडची तशीच पाटी रंगवणारे गृहस्थ अजून समितीत आहेत.

भाडेकरू, बारा वर्षे
विषय मांडताना त्या गृहस्थांना ‘रहिवासी’ हा शब्द मोठ्याने वाचून दाखवावा.

बिनपगारी मुकादम
माझे मत बदललेले नाही. तथापि, गंगापूर रोडकरांनी त्या झाकणाच्या अर्जाचा मजकूर मला पाठवला तर बरे होईल. आमच्या गल्लीतील झाकण पावसाळ्यापासून खचलेले आहे. याला कोणी सहभाग म्हणू नये; ही एका करदात्याची तक्रार आहे.

गंगापूर रोडकर
पाठवला आहे. पोच घेण्यास विसरू नये.