प्रिंटएफने वेळ मोजू नका
मायक्रोकंट्रोलरवर एखादं फंक्शन किती वेळ घेतं हे बघायला त्याच्या आधी-नंतर प्रिंटएफ (मजकूर सिरियल तारेवरून बाहेर छापणारी सूचना) टाका, असा सल्ला दिला जातो. तो मला पटत नाही. ११५२०० बॉडला, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट या वेगाने, एक अक्षर बाहेर पडायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. मग वीस अक्षरांच्या ओळीला पावणेदोन मिलिसेकंद, आणि मोजायचं फंक्शन असतं चाळीस मायक्रोसेकंदांचं! कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ या प्रोसेसरांच्या बहुतेक चिप्सवर सायकल काउंटर (घड्याळाचे ठोके मोजणारा ३२ बिटांचा आकडा) असतोच, तो आधी-नंतर वाचून वजाबाकी करा. ७२ मेगाहर्ट्झला तो साठेक सेकंदांनी उलटतो, म्हणजे भरून पुन्हा शून्यावर येतो, पण वजाबाकी ३२ बिट अनसाइन्ड (बिनचिन्हाची) असली की एकदा उलटल्याने बिघडत नाही. कॉर्टेक्स-एम० वर तो नाही, तिथे टायमर वापरावा लागतो.

आणि सरासरीवर तर मुळीच विसंबू नका. माझ्या मोटर कंट्रोलरची सरासरी उत्तम होती, तरी मोटर दिवसातून एखादा गचका द्यायची. शेवटी मोटर सांभाळणाऱ्या इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून ठरावीक वेळाने धावणारा कोड) शिरताना चिपची एक पिन हाय, निघताना लो केली आणि १०० मायक्रोसेकंदांत पल्स आली नाही तर ऑसिलोस्कोप ट्रिगर व्हावा असं लावून रात्रभर ठेवलं. सकाळी वीस मिलिसेकंदांची पोकळी सापडली. सेटिंग्ज साठवताना फ्लॅशचं (प्रोग्रॅमही जिथे असतो त्या कायमच्या मेमरीचं) पान पुसलं जायचं, आणि तेवढा वेळ पुढची सूचना वाचता येत नसल्याने सीपीयू अडकून पडायचा. हँडलर (इंटरप्टचा कोड), व्हेक्टर टेबल (हँडलरच्या पत्त्यांची यादी) आणि फ्लॅश पुसणारं फंक्शन ही तिन्ही रॅममध्ये हलवली, तेव्हा गचके थांबले.