कुरकुरीत टॅको : आधी भरावे, मग तळावे

टॅको म्हणजे दुमडलेल्या टॉर्टियात, म्हणजे पातळ पोळीत, सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ. त्याच्या आधीच तळलेल्या, तयार कवचात खिमा भरताच ते खालून ओले होऊन मोडते, ही तक्रार रास्त आहे. मात्र कवच ओव्हनमध्ये आणखी भाजावे, हा उपाय मला पटत नाही, कारण खरी अडचण क्रमाची आहे. ‘दोरादो’ म्हणजे सोनेरी, आणि मेक्सिकन घरांतील ‘टाकोस दोरादोस’ आधी भरून मगच तळले जातात. टॅको बेल या अमेरिकन फास्ट फूड साखळीचे संस्थापक ग्लेन बेल यांनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोच्या मित्ला कॅफेतील टॅको पाहून आपला धंदा उभारला, तेव्हापासून आधीच तळलेल्या कवचांची प्रथा फोफावली.

मी मक्याची टॉर्टिया तव्यावर काही सेकंद गरम करून मऊ करते, कारण थंड टॉर्टिया दुमडताना हमखास चिरते. मग जिरे, लसूण, तिखट आणि मीठ लावलेला गोमांसाचा कच्चाच खिमा अर्ध्या भागावर अगदी पातळ थापून, टॉर्टिया दुमडून, अर्धा इंच तेलात दोन्ही बाजूंनी तळते. मांसाची चरबी आतूनच टॉर्टियाला खरपूस करते. थर जाड राहिल्यास मात्र खिमा कच्चा राहतो. त्याचे आतील तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जायलाच हवे. तळलेले टॅको उघडी बाजू खाली करून निथळावेत. कोबी, टोमॅटो आणि चीज अगदी वाढताना घालावे.