मंगळुरी कौलांखाली स्प्रे फोम मारावा का?

प्रश्न (डिचोली):
आमचे घर चिऱ्यांचे असून त्यावर मंगळुरी कौले आहेत. शेजारी काजूबिया ठेवण्याची पत्र्याची शेड आहे. मे महिन्यात दोन्हीकडे दुपारी बसवत नाही, आणि पावसाळ्यात पत्र्याला आतून पाणी सुटून ते पोत्यांवर ठिबकते. दोन्ही छपरांना आतून स्प्रे फोम, म्हणजे फुगून घट्ट होणारा उष्णतारोधक प्लास्टिकचा फेस, फवारून घ्यावा, म्हणजे कौलांची गळतीही थांबेल, असे एक ठेकेदार सांगतो. तुमचे मत काय?

उत्तर (फोंडा, स्थापत्य अभियंता):
शेडला अवश्य करा. घराला मात्र मुळीच करू नका. पत्रा गार पडला की आतली दमट हवा त्याला लागून थेंब धरते. क्लोज्ड सेल (बंद पोकळ्यांच्या) फोमचा दोन इंचांचा सलग थर ही हवा पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि उष्णताही अडवतो. ओपन सेल (उघड्या पोकळ्यांचा) फोम स्वस्त पडतो, पण त्यातून वाफ आरपार जाते, म्हणून आपल्या हवेत पत्र्याखाली तो नको. आधी गंज खरवडून पत्रा कोरडा करून घ्या, कारण ओलाव्याशी फोममधल्या आयसोसायनेट या रसायनाची अभिक्रिया होऊन फोम पत्रा नीट धरत नाही. साहजिकच हे काम पावसाळ्यात काढू नये.

कौलांचे गणित वेगळे आहे. मृगाआधी फुटके कौल काढून तिथे दुसरे सरकवता येते, हीच त्या छपराची खरी सोय. फोम कौल आणि रीप (कौले ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) एकत्र चिकटवून ती सोय कायमची घालवतो. शिवाय फुटक्या कौलातून शिरलेले पाणी फोमच्या वर अडकते, वासे आतल्या आत कुजतात आणि वाळवी लागली तरी खालून दिसत नाही. त्यापेक्षा कौलांखाली हवा खेळायला जागा सोडून सिलिंग करा आणि त्यावर रॉकवूल (दगडापासून केलेली उष्णतारोधक लोकर) पसरा.

उत्तर (मडगाव):
आगीचा विचार शेडमध्येही हवा. ज्वालारोधक रसायन घातलेला फोमसुद्धा पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. काजूबियांसारखा तेलकट माल खाली असताना फोम उघडा ठेवू नये, त्यावर जिप्सम बोर्ड किंवा प्रमाणित अग्निरोधक लेप हवाच. फवारणीपूर्वी सगळी पोती बाहेर काढा आणि निदान २४ तास आत कोणी जाऊ नये, कारण आयसोसायनेटच्या वाफेने दम्याचा त्रास जडू शकतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. फोम मारल्यावरही कौल बदलता येते, असे ठेकेदार ठामपणे म्हणतो.

उत्तर (फोंडा):
मग त्याने पूर्वी केलेल्या एखाद्या घरावरचे एक कौल तुमच्यासमोर काढून, पुन्हा बसवून दाखवावे.