'लुक', 'पुट' आणि स्पॅनिश भाषकाची अडचण

इंग्रजीतील 'लुक' या क्रियापदापुढे 'अ‍ॅट' आले तर पाहणे, 'फॉर' आले तर शोधणे आणि 'आफ्टर' आले तर सांभाळणे असा अर्थ होतो. स्पॅनिशमध्ये यांसाठी मिरार, बुस्कार आणि कुइदार अशी तीन स्वतंत्र क्रियापदे आहेत. त्यामुळे 'आय अ‍ॅम लुकिंग माय कीज' असे वाक्य स्पॅनिश भाषकाच्या तोंडून सहज निघून जाते. येथे 'फॉर' गळतो तो निष्काळजीपणामुळे नव्हे, तर शोधण्याचा सगळा अर्थ बुस्कारमध्येच सामावलेला असल्यामुळे.

शब्दयोगी अव्ययाने अर्थ पालटतो ही गोष्ट मात्र त्याला नवी नाही. 'देहार' म्हणजे सोडणे, परंतु 'देहार दे' आणि पुढे क्रियापद आले की एखादी कृती थांबवणे. 'आकाबार दे' म्हणजे नुकतेच काही केलेले असणे, तर 'आकाबार कोन' म्हणजे एखाद्या गोष्टीचा निकाल लावणे.

खरी अडचण दिशेची आहे. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी दाखवल्याप्रमाणे स्पॅनिश भाषा गतीची दिशा क्रियापदातच सांगते, उदाहरणार्थ सुबिर (चढणे), बाहार (उतरणे), एन्त्रार (शिरणे), सालिर (बाहेर पडणे). इंग्रजी मात्र क्रियापदाकडे गतीची रीत सोपवते आणि दिशा 'इन', 'आउट', 'अप' अशा चिमुकल्या शब्दांवर टाकते. म्हणून इंग्रजीतील 'रॅन इन' स्पॅनिशमध्ये 'एन्त्रो कोर्रिएन्दो', म्हणजे अक्षरशः 'धावत शिरला', असे होते. चढणे, उतरणे, शिरणे अशी क्रियापदे हाताशी असलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये.

दिशा लाक्षणिक झाली की गुंता वाढतो. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे 'पुट'च्या मूळ अर्थावरून कोणी ताडू शकणार नाही. स्पॅनिश भाषक अशा वेळी 'पोस्टपोन' आणि 'टॉलरेट' यांचा आधार घेतो, कारण त्याच्याकडे लॅटिन मुळाचीच पोस्पोनेर आणि तोलेरार ही क्रियापदे आहेत. वाक्य निर्दोष होते, पण घरगुती गप्पांत ते पुस्तकी वाटते. गंमत अशी की पोस्पोनेर हेही 'नंतर' आणि 'ठेवणे' यांचेच जोडकाम आहे. पोनेरपासून इम्पोनेर (लादणे), एक्स्पोनेर (मांडणे) हे शब्द झाले, जसे आपल्याकडे 'हृ' धातूपासून आहार, प्रहार, संहार. फरक इतकाच की तेथे उपसर्ग धातूच्या पुढ्यात कायमचा चिकटला, आणि इंग्रजीत तो मागे सुटा राहिला.

या सुटेपणामुळेच नियमही फुटतात. शब्दकोशात शब्द पाहायचा असेल तर 'लुक इट अप' म्हणावे लागते, 'लुक अप इट' चालत नाही. उलट 'लुक आफ्टर इट' हेच बरोबर. पहिल्या उदाहरणातील 'अप'ला शब्दयोगी अव्यय म्हणणे मला पटत नाही, कारण तो नामाशी नव्हे तर क्रियापदाशी बांधलेला आहे, आणि बोलताना आघातही त्याच्यावरच पडतो.