‘डेमिक डिफ्यूजन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पश्चिम आशियातली शेती युरोपात कशी पोचली, याच्या गणिती प्रतिमानांत ‘डेमिक’ (शेतकरी माणसेच पसरत गेली) आणि ‘कल्चरल डिफ्यूजन’ (माणसे जागच्या जागी, फक्त शेतीची विद्या पसरली) अशी जोडी येते. पहिल्याला ‘स्थलांतरजन्य प्रसार’ म्हटले तर चालेल का?

▪ ‘स्थलांतर’ नको. त्या शब्दाने बिऱ्हाड पाठीवर घेऊन एका दिशेने निघालेले तांडे डोळ्यांपुढे येतात. पुरातत्त्वज्ञ अ‍ॅमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ कावाल्ली-स्फोर्झा यांनी १९७१ साली मांडलेल्या प्रतिमानात तसे कोणी निघत नाही. लोकसंख्या वाढते, मुलगा बापाच्या घरापासून थोडा लांब रान तोडून शेत काढतो, दिशा कुठलीही. मागे जागा भरलेली आणि पुढे मोकळी, म्हणून शेतकऱ्यांची कड पुढे सरकते. प्रवाहाबरोबर वाहत जाणे ते अभिसरण; उदबत्तीचा वास बंद खोलीत पसरतो ते विसरण. इथे घडते ते विसरणच. ‘डेमिक’मधला ग्रीक ‘देमोस’ म्हणजे जन, म्हणून ‘जनविसरण’.

▪ अर्थ पटला, पण ‘शेतीचे विसरण’ छापले की लोक शेती विसरले असेच वाचले जाणार! मजकुरात ‘जनप्रसार’ आणि ‘संस्कृतिप्रसार’ लिहावे. ‘विसरण गुणांक’ (पसरण्याचे प्रमाण सांगणारा आकडा) समीकरणापुरता ठेवावा. ‘प्रसरण’ मात्र टाळा, ते तापलेल्या रुळांचे.

▪ तो गुणांक लिहिताना आकडाही तपासा, भाषांतरात हमखास चुकतो. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या १९३७च्या सूत्रात लाटेचा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या कडेचा, वेग म्हणजे वाढीचा दर आणि विसरण गुणांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. वाढीचा दर वर्षाला ०.०३२. घरापासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी पिढीला १५४४ चौ. किमी. हा गुणांक नव्हे! आधी ४ने भागायचे, मग पिढीच्या २५ वर्षांनी. येतात वर्षाला सुमारे १५.४ चौ. किमी. चारने भागायचे राहिले तर वेग थेट दुप्पट निघतो.

नीट केले तरी वेग वर्षाला १.४ किमी येतो आणि उत्खननांच्या कालमापनातून मात्र सुमारे १ किमी. कारण मूल जन्मल्याबरोबर घर सोडत नाही. फोर्ट आणि मेंदेझ यांनी १९९९मध्ये हा पिढीचा विलंब धरला : ०.०३२ × २५ ÷ २ = ०.४, त्यात १ मिळवून १.४ने भागले की १ किमी.

‘वेव्ह ऑफ अ‍ॅडव्हान्स’ला ‘सरकती लाट’ म्हणावे, ‘आगेकूच’मध्ये फौज येते. पश्चिम भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर मात्र शेतकरी होड्यांनी गेले आणि वेग कितीतरी जास्त होता. तिथे ‘बेडूकउडी’ शोभते.